सरासरी झाड कोणत्या वावरात आहे?

(कळमेश्वर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मागच्या वेळी आपण साठा आणि ओघ या दोन कल्पनांपाशी थांबलो होतो. विहिरीत आज जेवढं पाणी आहे तो साठा. झऱ्यातून येतं तो आत येणारा ओघ, मोटरनं उपसलं जातं तो बाहेर जाणारा ओघ. एवढ्या दोन कल्पनांवर एक अख्खं शास्त्र उभं आहे, त्याला सिस्टिम डायनॅमिक्स म्हणतात. लोकसंख्या, कारखाना, साथीचा रोग, धरण, बाग, कशाचंही साठा-ओघाचं चित्र काढायचं, त्याची समीकरणं संगणकाला द्यायची आणि वर्षं पुढे सरकवून काय होतं ते बघायचं. आज त्यातल्या एकाच लहान हत्याराचा इतिहास सांगायचा आहे. त्या हत्याराचं नाव अ‍ॅरे. आपण त्याला कप्प्यांची रांग म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं या फंदात का पडावं? त्याचं कारण आमची एक चूक आहे. ती आधी कबूल करतो, मग इतिहासाकडे जाऊ.

निवृत्तीनंतर आमचा एक छोटा गट जमला. दोन-तीन विद्यार्थी, या भागातले काही संत्रा बागायतदार आणि आम्ही. संत्र्याच्या बागांचं पुढच्या वीस वर्षांचं चित्र संगणकावर काढायचं ठरलं. आम्ही एक चौकोन काढला, त्यात लिहिलं 'संत्र्याची झाडं'. डावीकडून नवीन कलमा आत येतात, उजवीकडून जुनी झाडं बाहेर जातात. झाडाचं आयुष्य हिशेबासाठी वीस वर्षं धरलं. हजार झाडं असतील तर दरवर्षी 50 जातील, 50 नवी लावली की बाग कायम. संगणकानं सरळ आडवी रेघ काढून दाखवली. म्हणजे काळजी नको! आम्ही खूश. गटातले एक वयस्क बागायतदार मात्र पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "सर, हे सरासरी झाड कोणत्या वावरात हाय, ते दाखवा मले. मायी बाग त एकाच वर्षी लावली होती."

आम्ही गप्प झालो. कारण त्यांच्या बागेतलं एकही झाड यंदा जाणार नव्हतं, आणि काही वर्षांनी सगळी एकदम जाणार होती. आमचा चौकोन दरवर्षी 50 काढत होता. एकाच चौकोनात सगळी झाडं कोंबली की झाडांचं वय पुसलं जातं. आणि संत्र्याच्या बागेत वय हीच तर मुख्य गोष्ट. पहिली पाच वर्षं नुसता खर्च, मग आंबिया किंवा मृग बहाराचं उत्पन्न, आणि पुढे डिंक्या लागून, खोड पोकळ होऊन उतार.

ही चूक आम्ही पहिल्यांदा केली असं नाही. मोठमोठ्या लोकांनी ती केली आहे, आणि त्यातली एक गोष्ट आपल्याच राज्यात, मुंबईत घडली.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची गोदामं आणि दाटीची वस्ती. तिथून साथ शहरभर आणि पुढे पुण्यापर्यंत गेली. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी गेल्या, हे आपल्याला ठाऊकच आहे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला, घरोघर झडत्या सुरू झाल्या आणि 22 जून रोजी पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. हा राजकीय इतिहास आपण शाळेत वाचतो. आकड्यांचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

प्लेग एका वर्षात गेला नाही. पुढची कित्येक वर्षं तो ऋतूप्रमाणे येत राहिला. मुंबईत मृत्यूंची आठवडेवार नोंद होत होती. त्यातली 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातली नोंद एडिंबरोतल्या दोन माणसांच्या हाती पडली. एक अँडरसन ग्रे मॅककेंड्रिक. हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले, 1920 साली मायदेशी परतलेले. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. 1924 साली प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. पुढचं गणित त्यांनी डोळ्यांविना केलं.

या दोघांनी 1927 साली साथीच्या गणितावर निबंध प्रसिद्ध केला. आज ज्याला एसआयआर मॉडेल म्हणतात, म्हणजे बाधा होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले किंवा मेलेले असे तीन साठे, त्याचं मूळ या निबंधात आहे. कोविडच्या काळात टीव्हीवर ज्या टेकडीसारख्या रेघा रोज दाखवत होते, त्यांची ही आजी. आणि निबंधात पडताळ्यासाठी कोणती साथ घेतली होती? आपल्या मुंबईची.

आता गंमत बघा. निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी बाधितांचा एकच साठा धरलेला नाही. त्यांनी काळाचे छोटे तुकडे केले आणि बाधितांना रांगेत उभं केलं. आजच आजारी पडलेले पहिल्या कप्प्यात, एक तुकडा उलटलेले दुसऱ्यात, दोन उलटलेले तिसऱ्यात. प्रत्येक अक्षराच्या पायाशी दोन खुणा: आत्ता वेळ कोणती, आणि हा माणूस आजारी पडून किती वेळ झाला. कारण दुसऱ्या दिवशीचा रोगी आणि दहाव्या दिवशीचा रोगी सारखाच रोग पसरवत नाही. आजच्या भाषेत हाच अ‍ॅरे. संगणक जन्मायच्या आधी, कागदावर.

पण हे गणित सोडवायला जड. म्हणून मुंबईच्या आकड्यांपाशी आल्यावर त्यांनी कप्पे मोडले, सगळं सारखं धरलं आणि एक सुटसुटीत सूत्र काढलं. सूत्राची घंटेसारखी रेघ आठवड्याला 890 मृत्यूंच्या शिखरापर्यंत चढते आणि तितकीच सुरेख उतरते. नोंदींचे ठिपके त्या रेघेवर बऱ्यापैकी बसतात. पुढे पाठ्यपुस्तकांनी ते चित्र उचललं.

त्या दोघांचा प्रामाणिकपणा मात्र पाठ्यपुस्तकांनी फारसा उचलला नाही. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे. आपण असं धरलंय की बेटावरच्या प्रत्येक उंदराला बाधा होण्याची संधी सारखीच होती, बाधेचा वेग सगळ्या काळात सारखाच होता. आणि यातलं काहीही काटेकोरपणे खरं नाही, त्यामुळे सूत्र हा अगदी ढोबळ अंदाज समजावा. मांडवीच्या गोदामातला उंदीर आणि मलबार हिलवरच्या बंगल्यातला उंदीर, दोघांना सारखी संधी! ऋतूचाही पत्ता नाही. आमच्या 'सरासरी झाडा'चा हा थोरला भाऊ, सरासरी उंदीर.

याची दुसरी बाजूही बघायला हवी. गणितज्ञांनी कप्पे मोडले, पण सरकारच्या प्लेग अहवालांत कप्पे भरपूर होते. वॉर्डवार, धर्मवार, जातवार कोष्टकं होती. त्या कप्प्यांचा उपयोग काय झाला? काही अंशी रोग समजायला झाला, आणि बऱ्याच अंशी कोणाच्या घरात घुसायचं, कोणाला छावणीत न्यायचं हे ठरवायला. म्हणजे कप्पा नसला की माणूस सरासरीत हरवतो, आणि कप्पा असला की तो कप्प्यात कोंडला जाऊ शकतो. या दोन्ही गोष्टी मनात ठेवून पुढे जाऊ.

आता अमेरिकेत. जे फॉरेस्टर, नेब्रास्कातल्या गुरांच्या रानात वाढलेला मुलगा. पुढे एमआयटीत व्हर्लविंड संगणकावर काम केलं, संगणकाच्या चुंबकीय स्मृतीचा शोध लावला आणि 1956 साली तिथल्याच व्यवस्थापनशाळेत गेले. एका कंपनीच्या कारखान्यात कामगार कधी फार लागत, कधी घरी बसवावे लागत, याचं कोडं त्यांनी वहीत हातानं आकडे मांडून सोडवलं. त्यातून हे शास्त्र निघालं. 1959 साली फिलिस फॉक्स आणि अलेक्झांडर प्यू यांनी त्यासाठी डायनॅमो नावाची संगणकभाषा तयार केली.

डायनॅमोत बदलणाऱ्या राशीच्या नावापुढे एक टिंब आणि एक किंवा दोन अक्षरं असत. 'जे' म्हणजे मागचा क्षण, 'के' म्हणजे आत्ताचा, 'एल' म्हणजे पुढचा. आत्ताचा साठा म्हणजे मागचा साठा, अधिक मधल्या काळात आत आलेलं, वजा बाहेर गेलेलं. आम्हांला हे फार आवडलं. त्या भाषेत बदलणाऱ्या प्रत्येक वस्तूला काळाची खूण होती. वयाची, गावाची, वर्गाची खूण लावायची सोय मात्र नव्हती.

1971 साली फॉरेस्टरनी जगाचं मॉडेल प्रसिद्ध केलं. त्यात पृथ्वीवरची सगळी माणसं एका साठ्यात होती. बाळ, तरुण, म्हातारा, सगळे एकत्र. पुढच्याच वर्षी, 1972 साली, डोनेला मेडोज, डेनिस मेडोज, योर्गन रँडर्स आणि विल्यम बेहरेन्स यांचं 'लिमिट्स टू ग्रोथ' आलं. त्यामागच्या वर्ल्ड-थ्री मॉडेलात लोकसंख्येचे चार कप्पे झाले: 0 ते 14, 15 ते 44, 45 ते 64 आणि 65 च्या पुढे. आणि हे कप्पे कसे लिहिले होते? पी-एक, पी-दोन, पी-तीन, पी-चार अशी चार वेगळी नावं. मृत्यूचीही चार समीकरणं, वय वाढून पुढे सरकण्याची तीन. एकच वाक्य परत परत, फक्त आकडा बदलून. शाळेत शिक्षा म्हणून एकच ओळ शंभरदा लिहायला लावत, तसं.

ही पाटीलेखणी अ‍ॅरेनं संपवली. सत्तरच्या दशकात डायनॅमोच्या पुढच्या आवृत्तीत सोय आली: नाव एकच, पायाशी खूण. पुढे 1985 साली बॅरी रिचमंड यांचं स्टेला आलं, त्यात माउसनं चौकोन काढायचे आणि बाण जोडायचे. व्हेन्सिम आलं. आज दोन्हींत अ‍ॅरे आहे. स्टेला त्याला अ‍ॅरेच म्हणतं, व्हेन्सिम सबस्क्रिप्ट म्हणतं. काम एकच. आधी यादी जाहीर करायची, उदाहरणार्थ वय: एक ते वीस. मग साठ्याला ती यादी जोडायची. पडद्यावर चौकोन एकच दिसतो, पण त्याच्या पोटात वीस कप्पे असतात. समीकरण एकदाच लिहायचं: या कप्प्यातली झाडं वर्षाअखेर पुढच्या कप्प्यात जातात. सगळ्यांची बेरीज हवी तर स्टेलात चौकटी कंसात चांदणी घालायची, व्हेन्सिममध्ये यादीच्या नावापुढे उद्गारचिन्ह. पहिला आणि शेवटचा कप्पा मात्र वेगळा सांगावा लागतो, कारण पहिल्यात रोपवाटिकेतून कलमा येतात आणि शेवटच्यातून झाडं कुऱ्हाडीखाली जातात. हौशी माणूस हमखास इथेच चुकतो. आम्हीही चुकलो होतो. आमची वीस वर्षांची झाडं कुठे जात होती देव जाणे.

वर्ल्ड-थ्रीवर त्या काळी एक मोठा आक्षेप आला. जग एकच धरलं, त्यात श्रीमंत देश आणि गरीब देश वेगळे नाहीत. 1974 साली मेसारोविच आणि पेस्टेल यांनी जगाचे दहा विभाग करून नवं मॉडेल मांडलं. त्यात दक्षिण आशिया हा एक विभाग. म्हणजे आपला प्रश्न सुटला का? कळमेश्वर, कराची आणि कोलंबो एका कप्प्यात! कप्पे वाढवले तरी प्रत्येक कप्प्यात नवीन सरासरी दडून बसतेच.

आता पुन्हा मुंबई, 2020. जुलैमध्ये नीती आयोग, महापालिका आणि टीआयएफआर यांनी मुंबईच्या तीन वॉर्डांत, म्हणजे माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांत, कोविडच्या प्रतिपिंडांची पाहणी केली. सुमारे 6,900 नमुने. निष्कर्ष काय आला? झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना बाधा होऊन गेली होती, बाहेरच्या इमारतींत 16 टक्के. रस्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे. तुम्ही सगळ्यांची मिळून एक सरासरी काढली असती तर ती झोपडीतल्या माणसाबद्दलही खोटी ठरली असती आणि इमारतीतल्या माणसाबद्दलही. बंदोबस्त त्या सरासरीवर आखला असता तर दोघांचंही नुकसान. 1906 च्या ठिपक्यांखाली मांडवी आणि मलबार हिल झाकले गेले होते; 114 वर्षांनी कोणीतरी कप्पे करून मोजलं, म्हणून फरक दिसला.

इथे आमच्या विषयाकडे थोडं वळू द्या, सवय जात नाही. न्यायशास्त्रात 'जाती' हा शब्द आहे. समाजातली जात तिथे अभिप्रेत नाही. अनेक गायींमध्ये जे एक गोत्व असतं त्याला तिथे जाती किंवा सामान्य म्हणतात. उदयनाचार्यांनी विचारलं, कोणताही गट केला की ती जाती होते का? त्यांनी सहा अडथळे सांगितले. त्यातला एक संकर: दोन गट एकमेकांत अर्धेमुर्धे घुसले असतील तर त्यांना खरी जाती म्हणता येत नाही. असे सोयीसाठी केलेले गट म्हणजे उपाधी.

अ‍ॅरे बनवताना आम्हांला उदयनाचार्य रोज आठवतात. यादीतले कप्पे एकमेकांत घुसता कामा नयेत. 'तरुण झाडं', 'रोगट झाडं', 'ठिबकवरची झाडं' असे तीन कप्पे एकाच रांगेत केले, तर ठिबकवरचं रोगट तरुण झाड तीनदा मोजलं जातं. त्यासाठी तीन वेगळ्या रांगा लागतात: वय, रोग, पाणी. आणि दुसरं, आपले कप्पे बहुतेक वेळा उपाधीच असतात, आपण घातलेले. 15 वर्षं पूर्ण झालेल्या दिवशी मुलगा काही एकदम वेगळा होत नाही. कप्पा निसर्गानं दिला असं समजायला लागलो की प्लेग छावणीचा रस्ता सुरू होतो.

आता आमच्या बागेकडे. दोन गावं घ्या. दोन्हीकडे हजार झाडं, दोन्हीकडे सरासरी वय साधारण दहा. पहिल्या गावात दरवर्षी थोडी थोडी लागवड झाली, एक ते वीस प्रत्येक वयाची 50 झाडं. दुसऱ्या गावात सगळी हजार एकाच वर्षी लावलेली, सगळी दहा वर्षांची. एका चौकोनाच्या मॉडेलला ही दोन गावं सारखीच. वीस कप्प्यांच्या मॉडेलला विचारा. पहिल्या गावात कायम 250 झाडं लहान, 750 फळावर, उत्पन्न सपाट. दुसऱ्या गावात आज हजारच्या हजार फळावर, आज तेच गाव श्रीमंत! पण दहा वर्षांनी सगळी बाग एकदम उतरते, आणि नवीन लावली तरी पाच वर्षं फळ नाही. पाच वर्षं. मुलीचं लग्न, मुलाची फी, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या पाच वर्षांत येतं. त्या बागायतदारांना हे पडद्याशिवाय माहीत होतं.

दुसरी चूकही सांगतो, कारण ती पहिलीपेक्षा वाईट. कप्पे शिकल्यावर आम्हांला चेव आला. वीस वयं, दोन बहार, दहा गावं: 400 कप्पे. समीकरण एकच ओळ. पण 400 कप्प्यांत आज किती झाडं आहेत ते कोण सांगणार? आम्ही काय केलं, एकूण आकडा घेतला आणि सगळीकडे सारखा वाटून टाकला. पडद्यावर 400 रंगीत रेघा. बघणाऱ्याला वाटावं, केवढा बारकाईनं अभ्यास! आत माहिती एकाच आकड्याएवढी. समीकरण एकदा लिहिता येतं, माहिती मात्र प्रत्येक कप्प्यासाठी जाऊनच आणावी लागते. मग विद्यार्थी मोटरसायकलवर निघाले, वावरावावरात विचारत: काका, ही बाग कोणत्या साली लावली? त्या एका प्रश्नानं आमचं मॉडेल सुधारलं, तेवढं कोणत्याही सॉफ्टवेअरनं सुधारलं नसतं. आणि आता आमच्याकडे दहा गावं नाहीत, दोनच आहेत. पण ती खरी आहेत.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

(श्रोत्यांचे प्रश्न)

सर, कप्पे किती करावेत, याचा काही नियम आहे का?

आम्ही दोन कसोट्या लावतो. पहिली: या दोन कप्प्यांसाठी तुमचा निर्णय वेगळा होणार आहे का? सात वर्षांच्या आणि आठ वर्षांच्या झाडाला तुम्ही सारखंच खत-पाणी देत असाल, तर निर्णयापुरते ते वेगळे करण्याची गरज नाही. दुसरी कसोटी वेळेची. कप्पा पाच वर्षांचा केला आणि 'दरवर्षी यातला पाचवा हिस्सा पुढे जातो' असं लिहिलं, तर यंदा लावलेल्या कलमांतल्या काही वर्षभरातच फळाच्या कप्प्यात पोचतात. वर्ल्ड-थ्रीतही अशीच गळती आहे: काल जन्मलेल्या बाळांचा छोटासा अंश लगेच 15 च्या पुढे सरकतो. जगाच्या शंभर वर्षांच्या चित्राला ते चालून जातं. तुमच्या बागेच्या पाच वर्षांच्या कर्जाला चालत नाही. तिथे वर्षाचा एकेक कप्पाच हवा.

हे सगळं एक्सेलमध्ये होणार नाही का?

होईल की! वीस रकाने, प्रत्येक ओळ म्हणजे एक वर्ष, वरच्या ओळीतला आकडा एक घर उजवीकडे. सुरुवात तशीच करा, आम्हीही तशीच केली. अडचण येते ती फेर उलटतो तेव्हा. झाडं वाढली की पाणी जास्त उपसलं जातं, पाणी खाली गेलं की झाडं मरतात, झाडं मेली की लागवड बदलते. असे फेर तीन-चार झाले की रकान्यांच्या जंगलात आपणच हरवतो. चित्रात ते डोळ्यांसमोर राहतात. पण दोन्हीकडे पहिला आकडा वावरात जाऊनच आणायचा आहे.

आणि हो, ते बागायतदार आज समोर बसले आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. त्यांच्या बागेला यंदा अठरावं वर्ष आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एका कोपऱ्यात शंभर नवीन कलमा लावल्या. आमच्या मॉडेलात आता त्यांच्या नावाचे दोन कप्पे भरलेले आहेत.